आरसा थंड होईपर्यंत

बाई, काल पुलगावला गेले होते. आपला दुर्बिणीवाल्यांचा क्लब अजून चालतो, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. शाळेच्या मागची ती खोली मात्र राहिली नाही, तिथे आता सायकल स्टँड आहे. आम्ही जमतो ते बाजारातल्या जनरल स्टोअर्सच्या वर, जिथे पूर्वी बांगड्यांची खोकी आणि सुतळीचे बंडल ठेवलेले असत त्या खोलीत, आणि आकाश पाहायला तिच्याच वरच्या गच्चीवर. दुकान त्याचंच, तुमच्या त्या लाडक्या विद्यार्थ्याचं. तो तुम्हाला आठवत असणारच. तुम्ही त्याला विसराल आणि मला लक्षात ठेवाल ही आशा मी केव्हाच सोडून दिली होती. हिवाळा लागला की शनिवारी संध्याकाळी तिथे दुर्बीण बनवायची कार्यशाळा भरते. लाकूडकाम तो शिकवतो, आरसा घासायला मी शिकवते. सावंगीच्या दवाखान्यात मी रक्त तपासते, तिथून सुटले की वर्ध्याला गाडी धरते आणि पुलगावला उतरते. घरचे म्हणतात, आठवडाभर काचेच्या नळ्या धुऊन पोट भरत नाही का, म्हणून शनिवारी आणखी काचा. मी म्हणते, नाही भरत.

माझी तक्रार आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन. तुम्ही मला कधीही पहिलं बोलावलं नाहीत. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून झाली, तारा नळीत सापडला, की तुम्ही एकाला हाक मारायचात, आणि ती हाक नेहमी त्याला असायची. मग बाकीची पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. आरसा कुणी घासला होता? मी. हाताला भेगा कुणाच्या पडल्या होत्या? माझ्या. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, मुलगी कॉलेजात आहे, तरी ही गोष्ट मनातून गेली नव्हती. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी रुसले की लवकर निवत नाही. पण इतकी वर्षं रुसून राहायचं म्हणजे कमालच झाली, हे मलाही कळतं. कालपर्यंत ते तसंच होतं.

मी नववीत होते. वडील गिरणीत होते आणि आम्ही नाचणगावला राहायचो. तुम्ही विज्ञानाच्या तासाला विचारलंत, संध्याकाळी थांबून काच घासायला कोण तयार आहे. काच कशासाठी घासायची हे न विचारताच मी हात वर केला, कारण घरी जाऊन भांडी घासायची होतीच. खोलीत मधोमध वाळूनं भरलेला तेलाचा ड्रम होता. त्यावर लाकडी ठोकळ्यांत पक्की बसवलेली एक जाड गोल काच, तिच्यावर कार्बोरंडमची काळी पूड आणि पाणी, आणि त्यावर तशीच दुसरी काच. वरची काच दोन्ही हातांनी पुढे ढकलायची, मागे ओढायची, थोडी फिरवायची, आपण ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं, आणि पुन्हा तेच. एवढ्यानंच वरची काच मधून हळूहळू खोल होत जाते आणि एक दिवस तिच्यात तारे पकडता येतात, हे मला आधी खोटंच वाटलं होतं. तुम्ही खुर्चीवर डोळे मिटून बसायचात आणि ऐकायचात. पूड ताजी असली की खरखर मोठी येते, झिजली की आवाज मऊ पडतो. "पूड संपली बेटा, नवी टाक," तुम्ही लांबूनच म्हणायचात, आणि मी बोट लावून पाहावं तर खरंच नुसता चिखल उरलेला असायचा. तेव्हा मी कुणी शास्त्रज्ञ पाहिलेला नव्हता. मला वाटायचं, ते सगळे असेच डोळे मिटून बसत असतील.

खडबडीत काच गुळगुळीत करायची वेळ आली की राळ वितळवावी लागायची, आणि ते काम तुमच्या स्वयंपाकघरात चालायचं. खालच्या काचेवर राळेचा थर ओतायचा, तो निवला की त्यावर पात्यानं चौकटी कापायच्या, आणि मग गुलाबी पावडर लावून त्यावर आरसा घासायचा. घरात तुम्ही आणि तुमची म्हातारी आई. बाहेर दिवे लागायची वेळ, आत एकच पिवळा बल्ब. त्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा होती. मिठाचा डबा कडेला, चिमटा खिळ्याला, पाण्याची बादली मोरीच्या डाव्या अंगाला. एकदा वरच्या फळीवरचं भांडं काढायला मी स्टूल घेतलं आणि ते दारातच राहून गेलं. तुम्ही गरम राळेचं भांडं फडक्यात धरून आलात आणि सरळ त्या स्टुलावर आपटलात. भांडं हातातून सुटलं नाही, पण एक ओघळ तुमच्या मनगटावर आला. मी धावले तर तुम्ही म्हणालात, "ज्या जागची वस्तू त्या जागी ठेवता येत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." इतक्या कोरड्या आवाजात तुम्ही वर्गात कुणालाही बोलल्या नव्हतात. आजी आतून म्हणाल्या, "पोरीवर काऊन चिडून राह्यली? तिले काय माहीत?" मला वाटलं, स्टुलाची जागा कुठली हे मला माहीत नाही, असंच त्या म्हणताहेत. मी रडत रडत स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं. तुम्ही मनगट पाण्याखाली धरून पाठमोऱ्या उभ्या होतात. थोड्या वेळानं तुम्ही मला शेंगदाण्याची चिक्की दिलीत.

गच्चीवर तुमचा एकच नियम होता. दुर्बिणीला डोळा लावला की गप्प राहायचं नाही, जे दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. 'छान' आणि 'मस्त' हे शब्द चालायचे नाहीत. कुठे, किती, कसल्या रंगाचं, स्थिर आहे की थरथरतंय, सगळं सांगायचं, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला न पाहता दिसलं पाहिजे. शाळेत कुणी पाहुणे आले की हेडमास्तर कौतुकानं सांगायचे, आमच्या बाई पोरांना निरीक्षण शिकवतात. आणि या कामात तो पटाईत होता. बारावी झाली आणि वडिलांच्या दुकानात बसला, तरी संध्याकाळी तो क्लबात यायचाच. दुकानात तो गिऱ्हाइकाला 'आहे' नाहीतर 'नाई' याच्या पलीकडे काही बोलायचा नाही. आई म्हणायची, या पोराच्या तोंडात कोणी दही घातलं काय. आणि तोच पोरगा आयपीसला डोळा लावून मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहायला लागला की थांबायचा नाही. "बाई, मधात चार ठिणग्या हायेत, एकीले एक चिटकून. त्याच्या भवती धूर हाये, पण तो धूर हालत नाई. एका अंगाले जास्त हाये, जशी काचेवर दुधाची बोटं पुसली कोणी." आम्ही पोरं तोंडावर हात धरून हसायचो. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "चार तारे. भोवती धुरकट." तुम्ही म्हणायचात, "अजून?" मी म्हणायचे, "अजून काही नाही." मला वाटायचं मोजकं आणि बरोबर बोलावं, आणि तो आपला तुमच्या नजरेत भरायला भाषणं ठोकतो.

एकदा तुम्ही कठड्याला टेकून, हात वर करून, मृगातले बाण दाखवत होतात. तुमचं बोट अगदी बरोबर जागी होतं, पण त्या वेळी तिथे ढग आला होता. पोरं खुसखुसायला लागली. तो पटकन म्हणाला, "आत्ताच झाकलं ढगानं, बाई. थांबा जराशा." तुम्ही हात हळूच खाली घेतलात आणि पदर सारखा केलात. आम्हाला वाटलं, बाई बोलण्याच्या नादात होत्या.

क्लब सुटला की आपण दोघी एकाच वाटेनं निघायचो. तुमचं घर नाचणगावच्या रस्त्यावर, आणि तिथून पुढे गिरणीची पाळी सुटून सायकलवर आलेले वडील मला घेऊन जायचे. तुम्ही माझ्या आईला सांगून ठेवलं होतं, पोरीची काळजी करू नका, मी रोज सोबत आणते, आणि तेवढ्या एका वाक्यावर आईनं मला संध्याकाळी घराबाहेर राहू दिलं. चालताना तुमचा उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर असायचा. आमच्या घरी खांद्यावर हात ठेवायची पद्धत नव्हती. लाड म्हणजे जास्तीची पोळी. त्यामुळे तो हात मला फार मोठा वाटायचा. त्यातच तुम्ही एक खेळ काढला होतात. म्हणायचात, आपण चंद्रावर चाललोय असं समज, आणि पुढे काय येतं ते सांगत चल. मग मी सांगायचे, बाई, उजवीकडे खड्डा, आता दगड, आता नाली, नालीवर फरशी आहे, फरशी हलते. नववीतल्या पोरीला हा खेळ जरा लहानच होता, पण वर्गात ज्या बाईंना सगळे टरकायचे त्या फक्त माझ्याशी खेळतात म्हणून मला तो आवडायचा. मी मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याही मागे लागल्या असत्या.

आणि मग ती संध्याकाळ. थंडी सरत आली होती. मी घासलेला नवा आरसा मुंबईहून मुलामा चढवून आला होता, त्यानं प्लायवुडची नळी करून तो बसवला होता, आणि दिवसभर दुर्बीण खोलीत स्टोव्हच्या शेजारी उभी होती. मी दिवाळीचा फ्रॉक घातला होता. वर नेण्याआधी तुम्ही आरशाच्या कडेवरून अंगठा फिरवलात, पूर्ण गोल, जसा आई दळलेल्या पिठात फिरवते. गच्चीवर मृग वर आला होता. तुम्ही विचारलंत, "कोण पाहणार पहिलं?" आणि मी पुढे झाले. अगदी एक पाऊल. तुम्ही त्याचं नाव घेतलंत. तो आला, वाकला, आणि बोलत राहिला. त्या दिवशी तो जितकं बोलला तितकं कधीच बोलला नसेल. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग एकेक करून सगळे, आणि शेवटी मी. मला चार तारे दिसले, सुईनं टोचल्यासारखे, आणि धूर. मी म्हटलं, "चार तारे. भोवती धुरकट." तुम्ही म्हणालात, "आरसा चांगला झाला, बेटा," आणि खांद्यावर हात ठेवलात. परत जाताना मी खेळ खेळले नाही. गप्प चालले. तुम्ही खांदा घट्ट धरलात, इतका की घरी गेल्यावर फ्रॉकला तिथे चुण्या पडलेल्या होत्या.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. दहावीनंतर मी वर्ध्याला मावशीकडे गेले, मग प्रयोगशाळेचा कोर्स, मग लग्न, मग सावंगी. तुम्ही वेळेआधीच नोकरी सोडलीत. लोक म्हणाले, आईचं करायला कोणी नाही म्हणून सोडली. मग आजी गेल्या आणि तुम्ही अमरावतीला भावाकडे राहायला गेलात. तिथेच तुम्ही वारल्याचं मला त्यानंच फोन करून कळवलं. मी ड्यूटीवर होते. फोन ठेवला आणि हातातलं काम पूर्ण केलं, कारण नमुने थांबत नाहीत. संध्याकाळी पोळ्या लाटताना रडू आलं, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, कोण होत्या. मी म्हटलं, शाळेतल्या बाई. याहून जास्त सांगायला मला जमलं नाही. नंतर काही वर्षांनी त्यानं मला क्लबात बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि तिथे गेल्यावर पाहिलं तर तुमचा बोलण्याचा नियम त्यानं जसाच्या तसा चालू ठेवला होता.

काल त्यावरूनच निघालं. आता गावात दिवे इतके वाढलेत की आकाश नीट मिळतं तो वेळ थोडाच. त्यात एकेक पोरगं आयपीसला चिकटून भाषण करतं आणि मागच्यांची रांग अडून राहते. काल तर एका मुलीचा आरसा पहिल्यांदा आकाशाला लागणार होता. ती देवळीची, सावंगीला नर्सिंग शिकते आणि शनिवारी माझ्याबरोबरच येते. पोरं तिकडे ड्रमभोवती फिरत होती, आम्ही दोघं खिडकीपाशी टेबलावर होतो. तो नुकत्याच निवलेल्या राळेवर पात्यानं चौकटी कापत होता. मी म्हटलं, "भाऊ, ते बोलनं आजपासून बंद करू. पाहा अन् सरका."

त्यानं मान वर केली नाही. "ते बंद नाई करता येत," तो म्हणाला.

"काऊन?"

"बाईचं हाये ते."

"बाईचं शिकवनं होतं, मले माहीत हाये. पन आता वेळ कुठी राह्यते?"

"शिकवनं नव्हतं ते." त्यानं पातं पुसलं, फडकं घडी करून ठेवलं. "बाईले अंधारात दिसत नव्हतं. तारे तर कधीचेच दिसत नव्हते."

मी हसले. मला खरंच वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्यानं सांगितलं. मी नववीत यायच्या आधीची गोष्ट. तुम्ही दुकानात साडीच्या फॉलसाठी दोरा घ्यायला आला होतात. दिवेलागणीची वेळ होती आणि वीज गेली. तो मेणबत्ती शोधायला गल्ल्यापासून उठून पलीकडच्या कपाटाशी गेला, आणि तुम्ही मात्र रिकाम्या गल्ल्याशीच बोलत राहिलात. 'हा नको, याच्याहून थोडा गडद दाखव,' असं. त्यानं मेणबत्ती लावली तरी तुमची मान तिकडेच होती. मग त्याचा आवाज दुसरीकडून आला आणि तुम्ही दचकलात. त्याला सगळं कळलं. तुम्ही त्याला सांगितलंत, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, उजेडात पुस्तक वाचता येतं, अंधार पडला की भिंत उभी राहते, आणि बाजूचं दिसणं कमी कमी होत चाललंय. "म्हणे, कोनाले सांगू नको. पोरींचे मायबाप माह्या भरोशावर पोरी धाडतात. त्याईले कळलं का बाईलेच दिसत नाई, तर एकही पोरगी गच्चीवर येनार नाई." म्हणून तो बोलायचा, बाई. आयुष्यात दुसरीकडे कुठेच न बोलणारा तो माणूस तुमच्यासाठी बोलायचा, आणि आम्ही तोंडावर हात धरून हसायचो.

मला एकेक आठवायला लागलं आणि नको झालं. स्टूल आठवलं, 'तिले काय माहीत' आठवलं. कठड्याला टेकलेली पाठ, ढगाकडे दाखवलेलं बोट. मग रस्ता आठवला. चंद्रावर चाललोय म्हणे. उजवीकडे खड्डा, आता नाली. आई समजत होती, बाई माझ्या पोरीला सांभाळून आणतात. मी समजत होते, बाईंचा माझ्यावर जीव आहे. तुम्ही त्याला का पहिलं बोलावत होतात, याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावरचा हात कुणीतरी काढून नेला. खरं सांगते, तुमच्या डोळ्यांसाठी वाईट वाटायच्या आधी मला स्वतःसाठी वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, "म्हणजे मी काठी होती बाईची."

 तो पुन्हा पातं उचलून एक चौकट कापायला लागला, अर्ध्यात थांबला. मग म्हणाला, "ते तुझा आरसा पह्यल्यांदा वर नेला होता, आठवते? मले त्या दिवशी काईच दिसलं नव्हतं."

"काई म्हणजे?"

"काईच नाई. वाहत्या पान्याच्या तळाले पाहावं तसं. सारं हालून राह्यलं होतं. पन बाई बाजूले उभ्या होत्या ना. मंग सांगितलं मी. ठिणग्या सांगितल्या, धूर सांगितला, कोनता तारा किती मोठा ते सांगितलं. पुस्तकात चित्र पाह्यलं होतं तेवढ्यावर."

मी म्हटलं, मला तर स्वच्छ दिसलं होतं. तो म्हणाला, "तुले दिसनारच. तू शेवटी होती." आणि मग त्यानं जे सांगितलं ते तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगते. "बाई म्हणे मले आंधीच, आरसा खोलीतून काढला का गरम राह्यते. थंडीत थंडा होयेपर्यंत त्यात धड दिसत नाई. जो पह्यला पाह्यते त्याले सगळ्यात खराब दिसते. म्हणे तू पह्यले जाय, मंग बाकीचे, आन् पोरीले शेवटी ठेव. तिनं घासला, तिले नीट दिसलं पाह्यजे."

यात शास्त्र म्हणून काहीच चुकीचं नाही, बाई. मी स्वतः दर हिवाळ्यात पोरांना हेच सांगते, दुर्बीण आधी बाहेर ठेवा, काच निवू द्या, गरम काचेत तारा उकळतो. तुम्हाला हे माहीत नसणं शक्यच नाही. पण तो तिथेच थांबला नाही. पुढे म्हणाला, बाई सारखं तुझंच नाव घेत, म्हणत एवढ्या पोरींत हात असलेली एकच पोरगी मिळाली, म्हणत तिच्या खांद्यावर हात ठेवला का मी निवांत होते. मी त्याच्याकडे पाहत होते. त्यानं डोकं आयपीसशी करतो तसं थोडं तिरकं केलं होतं आणि एक डोळा बारीक केला होता, आणि शब्द भराभर येत होते, एकाहून एक बरे. मग तो एकदम राळेकडे वळला.

आम्ही दुर्बीण वर नेली. मृग आला होता. ती देवळीची मुलगी नवीन स्वेटर घालून आली होती, केसाला क्लिप लावून. नळी जागेवर बसली, तारा सापडला, आणि ती पुढे झाली. मी म्हटलं, "तू शेवटी." ती म्हणाली, "काऊन मॅडम? मीनं घासला न." मी म्हटलं, "आरसा थंड होऊ दे. आमच्या बाईंचा नियम आहे." तिचा चेहरा असा पडला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. तो पहिला गेला. आता त्याला गुडघा वाकवताना त्रास होतो, तरी वाकला, आणि बोलायला लागला, आणि पोरं हसायला लागली. मी कठड्याला टेकून डोळे मिटले. ऐकताना मला खरंच दिसत होतं. मग कोपरानं एकमेकांना ढकलत बाकीची पोरं, आणि शेवटी ती. तिनं डोळा लावला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मी म्हटलं, "सांग." ती म्हणाली, "थांबा न मॅडम, मले अजून पाहू द्या."

आज रविवार, म्हणून दुपारभर हे लिहीत बसले आहे. कुठे धाडायचं हे मला माहीत नाही. अमरावतीच्या त्या घरात आता दुसरे लोक राहतात. कागद घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन. तुमच्या डोळ्यांबद्दल मी क्लबात कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुम्ही त्याच्याकडे ठेवलं होतंत, माझ्याकडे नाही, हेही अजून थोडं टोचतं, पण त्याची तक्रार करणार नाही. एवढीच एक गोष्ट राहिली. काल गाडीला वेळ होता, तो मला स्टेशनापर्यंत सोडायला आला, आम्ही चहा घेतला. दवाखान्यात मला जरा शंका आली तर मी नमुना दुसऱ्यांदा लावते, डॉक्टर कितीही घाई करोत. कालही विचारता आलं असतं, भाऊ, पोरीले शेवटी ठेव, हे बाई खरंच म्हणाल्या होत्या का. ज्याला दिसत नाही त्याला तो काय काय दाखवू शकतो, हे त्यानंच त्या संध्याकाळी मला सांगितलं होतं. गाडी आली, त्यानं पिशवी वर दिली, मी खिडकीशी बसले. मी विचारलं नाही, बाई.